पुरवणी जबाब

हैदराबादेत माणूस गेला की तिसऱ्या दिवशी सकाळी दहानंतर, आपली पाळी आली की, तो अफझलगंजमागच्या घाटावर येऊन पाण्यात उभा राहतो. कमरेइतक्या पाण्यात, काठाकडे पाठ करून. तो वळत नाही, बोलत नाही, पण ऐकतो. पायऱ्यांवर त्याची माणसं जमलेली असतात. एकेक जण पुढं होऊन तो आपला कोण होता ते मोठ्यानं सांगतो. याला साक्ष म्हणतात. साक्षीत जेवढं येतं तेवढं घेऊन तो पलीकडे जातो, आणि तेवढंच त्याच्यामागे इथं टिकतं. बाकीचं मुसी नदी चाळीस दिवसांत घेऊन जाते. आधी कागदावरून, मग फोटोतून आणि शेवटी माणसांच्या डोक्यातून. दहन करा, दफन करा, ज्याचं त्यानं बघावं. साक्ष मात्र सगळ्यांची एकाच घाटावर होते, जुन्या नवाबाची आणि काल करीमनगरहून आलेल्या गवंड्याचीही.

त्यामुळे लोक तयारीनं जातात. काकांना वांगं चालायचं नाही, आजी झोपेत गुणगुणायची, असलं बारीकसारीकही कुणी ना कुणी सांगून टाकतं. चिक्कू माणसाचा चिक्कूपणासुद्धा सांगतात, नाहीतर तो जायचा आणि मागे भलताच उदार माणूस उरायचा.

या साक्षी लिहून घेण्याचं काम चार पिढ्या एकाच घरात आहे. साक्षनवीस म्हणतात त्यांना. पूर्वी बोरू होता, आता बॉलपेन आहे. मध्यंतरी सरकारनं संगणक दिला, पण छापलेली अक्षरं नदी मानत नाही असं दिसून आल्यावर तो कोपऱ्यात गेला. सध्याचे साक्षनवीस बाळकृष्णराव. तेजश्री त्यांची एकुलती एक मुलगी. या घरातले जे पुरुष साक्षनवीस झाले नाहीत ते वकील झाले, आणि दोन्ही धंद्यांतून एकच शहाणपण घरात मुरलं होतं : विचारलं तेवढंच बोलावं. तेजश्रीला पाळण्यात गाणी कमी आणि हे वाक्य जास्त ऐकू आलं असेल.

ती रसायनशास्त्र शिकली आणि नामपल्लीच्या एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत लागली. मुसीचं पाणी आठ ठिकाणांहून आठ बाटल्यांत यायचं आणि ती त्यात काय काय विरघळलंय ते मोजायची. प्राणवायू बहुतेक वेळा शून्य. बाटल्या भरून आणायचं काम आदर्श हनवते करायचा. बाटलीवरच्या चिठ्ठीत वासाचा एक रकाना असतो. तिथं ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहायचं. पहिल्याच आठवड्यात त्याच्या बाटलीवर तिनं वाचलं : ‘भिजलेल्या वहीसारखा.’

“हे काय आहे?” तिनं विचारलं.

“वास आहे, मॅडम.”

“मग ‘आहे’ लिहा.”

“‘आहे’ तर सगळ्या बाटल्यांत आहे जी. मग आठ कायकू आणायच्या, एकच आणतो.”

तिनं चिठ्ठी फाडली आणि नवी लिहून लावली. फाडलेली मात्र टाकली नाही. पुढच्या आठवड्यात ‘लग्नघरातल्या मागच्या अंगणासारखा’ आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात चिठ्ठी यायच्या आधीच ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिथून पुढचं सांगायला नको.

आदर्शचे वडील भिवाजी नांदेडकडून टपाल खात्यात बदली होऊन इथं आले आणि इथंच वारले. आई पार्वतीबाई सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. मायलेक दिलसुखनगरला राहायचे. दोघांचं जमलं त्याच संध्याकाळी आदर्शनं तेजश्रीबद्दल आईला सांगितलं. तेजश्रीनं घरी सांगितलं नाही.

“कधी सांगायचं?” तो विचारी.

“थोडं थांबू,” ती म्हणे.

असं दोन वर्षं चाललं. तिला कुणी काही म्हणालं होतं असंही नाही. अप्पांनी, म्हणजे बाळकृष्णरावांनी, जातीवरून आयुष्यात एक वाक्य उच्चारलं नव्हतं. कमलआत्या, म्हणजे अप्पांची थोरली बहीण, ‘आपल्यातला’ हा शब्द जरा ओठ आवळून म्हणायची, एवढंच. पण तेवढ्यावरून तेजश्रीनं सगळं भांडण मनातल्या मनात उभं केलं, दोन्ही बाजूंनी बोलली आणि प्रत्यक्ष तोंड उघडण्याआधीच हरून बसली. प्रयोग न करताच निष्कर्ष लिहून ठेवायचा, ही चूक एखाद्या शिकाऊ मुलानं केली असती तर तिनं वही परत केली असती.

फेब्रुवारीत एका सकाळी पाण्याच्या टँकरनं आदर्शच्या स्कूटरला धडक दिली. तो जागेवरच गेला.

तिसऱ्या दिवशी घाटावर उन्हाचं नावही नव्हतं. मुसीवर नेहमीसारखा काळसर फेस होता. आदर्श पाण्यात उभा होता, कामाला घालायचा तोच खाकी शर्ट, आणि मानेवर मागच्या आठवड्यात कापलेले केस. तेजश्री प्रयोगशाळेतल्या माणसांबरोबर पायऱ्यांवर बसली. खालच्या पायरीवर मेजामागे अप्पा वही घेऊन बसले होते. आणि मागच्या रांगेत कमलआत्या होती. तिच्या शेजाऱ्यांच्या आजोबांची साक्ष यानंतर व्हायची होती, म्हणून ती चार बायकांना घेऊन लवकर आली होती.

नाव पुकारायचं काम सत्यवतीचं. तिनं आधी आईला बोलावलं.

पार्वतीबाई उभ्या राहिल्या आणि अजिबात न अडखळता बोलल्या. आठव्या महिन्यात जन्मला. पाच वर्षांचा असताना टायफॉइड झाला, तेव्हा सोळा दिवस त्यांचा पदर सोडला नाही. वडील गेले तेव्हा रडला नाही, आठवड्यानं चप्पल तुटली तेव्हा रडला. पहिल्या पगारात आईला मिक्सर आणला आणि पहिल्याच दिवशी झाकण न लावता चालवला. लोक हसले. मृतही ऐकत असतो, म्हणून घाटावर हसायची मुभा असते. असं बोलत बोलत पार्वतीबाई दोन वर्षांपूर्वीपर्यंत आल्या आणि थांबल्या. त्यांनी वळून पायऱ्यांवर नजर फिरवली. ती तेजश्रीवर थांबली.

“पुढचं सांगणारं माणूस आलेलं आहे,” त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

दोन मित्र बोलले. मग सत्यवतीनं तेजश्रीचं नाव घेतलं.

ती खाली उतरली. सात पायऱ्या होत्या. तिला आदर्शची पाठ दिसत होती आणि आपल्या पाठीवर आत्याची नजर जाणवत होती.

“मयताशी नातं?” अप्पांनी विचारलं. सगळ्यांना विचारतात तसंच, वर न बघता.

“एकाच प्रयोगशाळेत कामाला होतो,” तेजश्री म्हणाली.

अप्पांनी लिहिलं. मग त्यांनी पेन वहीवरून उचललं आणि तसंच धरून ठेवलं. एरवी ते लगेच ‘पुढचा’ म्हणतात. या वेळी ते थांबले. कितीतरी वेळ थांबले. तेजश्रीला वाटलं, त्यांनी अजून एक प्रश्न विचारावा. विचारला असता तर ती बोलली असती, अशी स्वतःची समजूत तिनं नंतर बरेच दिवस घातली. पण साक्षनवीस एकच प्रश्न विचारू शकतो, हे तिच्याइतकं त्या घाटावर कुणाला माहीत होतं?

“मॅडम, अजून काही?” सत्यवतीनं विचारलं. “लाइन थांबली जी.”

“काम नीट करायचे,” तेजश्री म्हणाली. “बाटल्या वेळेवर आणायचे.”

करायचे. आणायचे. दोन वर्षं ज्याला अरेतुरे केलं त्याला ती अहोजाहो करत होती. आदर्शच्या पाठीत काहीच फरक पडला नाही. तो ऐकत होता तसाच ऐकत राहिला, आणि शेवटचा माणूस बोलून झाल्यावर पाण्यात पुढं चालत गेला.

त्या रात्रीपासून तिनं लिहायला घेतलं. कागद टिकत नाही हे ठाऊक असूनही लिहिलं, कारण दुसरं काही येत नव्हतं. एका वहीत क्रमांक घालून त्रेसष्ट गोष्टी लिहिल्या. पाचव्या दिवशी अकरा आणि अठरा हे क्रमांक कोरे झाले. दहाव्या दिवसापर्यंत चोवीस उरल्या होत्या. कपाटात जपून ठेवलेल्या चिठ्ठ्यांवर फक्त वासाचा रकाना राहिला, पुढं पांढरं. सतराव्या दिवशी भांडी घासताना तिच्या लक्षात आलं की त्याचं हसणं कसं होतं ते आठवत नाही. तो हसायचा एवढं माहीत होतं, जसं एखाद्या न पाहिलेल्या गावाला नदी आहे हे माहीत असतं.

एक गोष्ट मात्र पुसट झाली नाही. ‘एकाच प्रयोगशाळेत कामाला होतो.’ ते घाटावर मोठ्यानं बोललं गेलं होतं, लिहिलं गेलं होतं, म्हणून ते टिकणार होतं. शब्द, आपला आवाज, वर धरलेलं पेन, सगळं लख्ख होतं. ज्याची लाज वाटत होती तो माणूस निघून चालला होता आणि लाज तेवढी पक्की होत होती.

एकोणतिसाव्या दिवशी ती दिलसुखनगरला गेली. का गेली हे तिला सांगता आलं नसतं. पार्वतीबाईंचं घर कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर होतं. खालून पोरांचा सूत्रं म्हणण्याचा आवाज येत होता. दार उघडल्यावर त्यांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं.

“या, बसा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही त्याच्या ऑफिसातल्या ना?”

तेजश्री बसली. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, शेजारी भिवाजींची, आणि तिसऱ्या चौकटीत आदर्श, कॉलेजच्या वयाचा.

“काकू, मी...”

“थांबा. सांगू नका. मला आठवू द्या.” त्यांनी कपाळावर बोटं टेकली. “कुणीतरी मुलगी होती. तो सांगायचा. म्हणून मी घाटावर ते बोलले नाही. म्हटलं, तिचं आहे, तिला बोलू द्या. आईनंच सगळं बोलून टाकलं तर त्या लेकरानं काय बोलावं?”

तेजश्रीनं तिसऱ्या चौकटीवरची नजर खाली आणली.

“दोन वर्षं मी सोडून दिली तिच्यासाठी,” पार्वतीबाई म्हणाल्या. “आता बघा, निवृत्त झाले तो दिवस आठवतो, दवाखान्यातल्या बायांनी साडी दिली, सगळं. त्याच्यानंतर घरात मी एकटीच दिसते. दोन ताटं वाढते, समोर कोण बसलंय ते दिसत नाही. तो होता ना हो घरात तेव्हा? कुठं बाहेरगावी तर नव्हता?”

“होता, काकू.”

“हौ. असणारच.” त्यांनी पदर सारखा केला. “मी दवाखान्यात तीस वर्षं काढली. पेशंट घाबरला की तोंड बंद होतं, मला कळतं ते. तुमचं तसं झालं असेल.”

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तेजश्रीनं चहा घेतला. तिला वाटत होतं की तिनं स्वतःचं गमावलं. आपलं होतं, आपण टाकलं, असं म्हणून एक प्रकारे ती मोकळी होत होती. आता कळलं की तिनं एका आईची दोन वर्षं टाकली होती, आणि त्या आईनं ती तिच्या हातात विश्वासानं दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा पेपर वाचत होते. ती समोर जाऊन बसली.

“अप्पा, पुरवणी जबाबाचा नियम काय आहे?”

त्यांनी पेपर घडी करून ठेवला. आपण काय विचारतोय याचं त्यांना जराही नवल वाटलं नाही, हे तिनं पाहिलं.

“चाळिसाव्या दिवसाच्या आत द्यायचा. पहिली साक्ष ज्यांनी ऐकली त्यांच्यासमोर. आधी पहिली साक्ष वाचून दाखवतात, ती अपुरी होती असं आपल्या तोंडानं म्हणावं लागतं. मग जे आपलं आपल्याला आठवतंय तेवढंच बोलायचं. कागदात बघून नाही, दुसऱ्यानं सांगितलेलं नाही. जेवढं बोलशील तेवढं परत येतं, ज्याचं ज्याचं होतं त्या सगळ्यांकडे.”

“आणि तो?”

“तो ऐकायला नसतो. तो एकदाच येतो.”



“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“तुझ्या पर्समधून एकदा चिठ्ठी पडली होती. कसला तरी वास लिहिला होता.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “त्या दिवशी तू बोलशील म्हणून थांबलो होतो.”

“हो.”

“आणि तू नाही बोललीस तेव्हा मला बरं वाटलं, तेजू. कमलअक्का मागं बसली होती. हे तुला सांगितलं नसतं तर चाललं असतं, कुणी विचारलेलं नव्हतं. पण सांगून ठेवतो.”

त्यांनी चष्मा घातला आणि आत्याला फोन लावायला उठले. आत्या ‘माझं काय काम तिथं’ म्हणाली असावी, कारण अप्पा म्हणाले, “तू ऐकलं होतंस. एवढंच काम. यावं लागतं, अक्का.”

सगळ्यांना जमायला नऊ दिवस गेले. प्रयोगशाळेतल्यांची सुट्टी, एक मित्र बंगळुरूला, आत्याचं गुडघ्याचं इंजेक्शन. या नऊ दिवसांत तेजश्रीची वही पार कोरी झाली. एकोणचाळिसाव्या दिवशी सकाळी ती घाटावर उभी राहिली तेव्हा तिच्याकडे आदर्शची एकच संध्याकाळ उरली होती, आणि ती सुद्धा तिनं वहीत कधी लिहिली नव्हती, म्हणून उरली की काय कोण जाणे. पाणी मोकळं होतं. तिथं कुणी उभं नव्हतं.

अप्पांनी पहिली साक्ष वाचली. एकाच प्रयोगशाळेत कामाला होतो. काम नीट करायचे. बाटल्या वेळेवर आणायचे. तीन वाक्यं, त्यांनी प्रत्येकानंतर थांबून वाचली.

“ही साक्ष अपुरी होती,” तेजश्री म्हणाली. “मी ती समजून उमजून अपुरी ठेवली. आदर्शचं आणि माझं प्रेम होतं. लग्नाचं ठरलं होतं असं मला वाटतं, पण ते आता मला आठवत नाही, म्हणून ते लिहू नका. एक संध्याकाळ आठवते, ती सांगते.”

आत्या पायरीवर पडलेलं शेंगेचं टरफल चपलेनं इकडून तिकडे सारत होती.

“जानेवारीत आम्ही नामपल्लीला नुमाइशच्या प्रदर्शनाला गेलो होतो. शालींच्या दुकानांपाशी खूप गर्दी होती. त्यानं माझा हात धरला होता. तेवढ्यात समोरून कमलआत्या येताना दिसली. मी हात सोडला. त्याला का ते कळलं. तो दोन पावलं बाजूला झाला आणि अनोळखी माणसासारखा मला म्हणाला, ‘बाईसाब, जरा सरकता का, मला शाल बघायचीय.’ मी सरकले. आत्या माझ्याशी बोलून गेली. तोपर्यंत तो दुकानदाराशी भाव करत होता, खरंच घ्यायची असल्यासारखा. ती गेल्यावर मला हसू आवरेना. मी म्हणाले, तू नाटकात जा. तोही हसला. मग आम्ही मिरचीभजी घेतली. त्यानं त्याची प्लेटही मलाच दिली. मी दोन्ही खाल्ल्या. मला वाटलं, त्याला गंमत वाटली.” ती थांबली. “एवढंच आहे.”

अप्पांचं पेन चालत होतं ते थांबलं. मग वरच्या पायरीवरून पार्वतीबाईंचा आवाज आला, स्वतःशी बोलल्यासारखा.

“त्या दिवशी तो लवकर आला.”

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

“थंडी होती. मी भाकरी टाकली होती, वरण होतं. ताट वाढलं. तर म्हणाला, आई, पोट भरलंय, भजी खाऊन आलो. ताट सारलं आणि गच्चीवर जाऊन बसला. स्वेटरही नेला नाही. मी दोनदा हाक मारली. म्हणाला, येतो.” त्यांनी डोळे उघडले. “दिसतोय मला. बनियनवर बसलाय, पाठमोरा.”

“हे लिहायचं का, बाई?” अप्पांनी विचारलं.

“लिहा. माझ्या लेकराचं आहे. कसंही असलं तरी.”

अप्पांनी लिहिलं. तेजश्रीनं वाकून खाली पूर्ण नावानं सही केली. अक्षर स्वच्छ आलं. आजपासून हे टिकणार होतं : हात सोडला, दोन्ही प्लेट खाल्ल्या, हसले. त्याच्या दोन वर्षांतून तिनं वाचवलेली संध्याकाळ ही होती.

ती पायऱ्या चढून पार्वतीबाईंपाशी आली.

“तुम्हाला ठाऊक नव्हतं?” त्यांनी विचारलं.

“नाही. मला वाटलं, तो हसला.”

“हसला असेल नं. तसा होता तो.” त्या जरा वेळ पाण्याकडे बघत बसल्या. मग एक हात गुडघ्यावर आणि एक पायरीच्या दगडावर टेकून उठायला लागल्या. दगड ओला होता.

आपण हात द्यावा का, तो त्या घेतील का, आणि सगळ्यांदेखत घेतला नाही तर, असं तेजश्रीच्या मनात आलं. तिचं ठरेपर्यंत पार्वतीबाई उठून चार पायऱ्या वर गेल्या होत्या.